उंबराच्या मुळ्यांवरची टाचणी

पिंपरीच्या कारखान्यात नोकरी लागून पवनेच्या काठी दोन खोल्या मिळाल्या, तेव्हा आईमागे गावी एकटे राहिलेल्या वडिलांना मी रत्नागिरीकडून घेऊन आलो. त्यांनी इथेच राहावे, एवढीच माझी इच्छा होती. ते मात्र आल्यापासून परत जायचे म्हणत. पाणी जड, माणसे अनोळखी, अशी कारणे रोज नवी.

एका सकाळी ते नदीवरून हसत परतले. आपल्या पऱ्ह्यावरची, म्हणजे गावच्या ओढ्यावरची काळी टाचणी, तो चतुरासारखा नाजूक कीटक, इथेही आहे, म्हणाले. मीही पाहायला गेलो. काठावरच्या उंबराच्या तांबूस मुळ्या पाण्यात केसांसारख्या पसरल्या होत्या. त्यांवर एकेक नर बसलेला. अंग हिरवे, सडपातळ, लांबी अडीच इंचांच्या आत. मिटलेले पंख काळपट दिसत; पण तो मधूनच ते सावकाश उघडी आणि मागच्या पंखांवर निळी-हिरवी झाक चमकून जाई. दुसरा नर आला की दोघे पाण्यावर गिरक्या घेत, एकमेकांना शिवत मात्र नसत. मग पहिला परत आपल्या जागी. मादी साधी, तपकिरी. ती मुळीला धरून चक्क पाण्याखाली उतरे.

“माहेरवाशीण न्हायला चालली,” वडील म्हणत.

तेव्हापासून परत जाण्याचा विषय निघेनासा झाला.

त्या उंबरापाशीच बायका धुणे धूत आणि मुळ्यांत पाय अडकून पडत. म्हणून एका रविवारी वस्तीतल्या सर्वांनी श्रमदान करून काठ साफ करायचे ठरवले. वडील आपण होऊन कोयती घेऊन आले. पऱ्ह्याचा काठ साफ करण्यात त्यांचा जन्म गेलेला. पाण्यातल्या मुळ्या त्यांनी एका रेषेत कापून काढल्या. इथलेच एक वयस्क शेतकरी कौतुकाने म्हणाले, “बाबा, हात लई बसलाय तुमचा. आता तुमी आमच्यातलेच.” त्या दिवशी ते दोन भाकऱ्या जास्त जेवले. माणसे ओळखीची झाली, आता ते राहतील, असे मला वाटले.

पुढे काही दिवस माद्या येत राहिल्या. मोकळ्या पाण्यावर घिरट्या घालत, उघड्या दगडावर टेकत आणि निघून जात. मग नरही दिसेनासे झाले. वडील रोज जाऊन बसत. एके दिवशी लवकर परतले.

“ती न्हायला जात नव्हती रे,” ते म्हणाले. “मुळ्यांत अंडी घालत होती. जन्मभर बघत आलो, आणि कापलं मीच.”

मुळ्या पुन्हा फुटतील, असे मी म्हणालो.

“फुटतील. पण तोवर मी इथं बसून काय बघू?”

मी फार आग्रह केला, माझ्या बायकोनेही केला. त्याच आठवड्यात ते गावी गेले. धुण्याचा घाट चांगला झाला आहे. बायका आता तिथे पडत नाहीत. त्या कामाला वाईट म्हणणे मला जमत नाही. तरी, ज्यासाठी ते माझ्याजवळ राहिले असते तेच त्या दिवशी पाण्यातून काढून टाकले गेले, आणि काठावर उभा राहून मी समाधानाने पाहत होतो.