पिठीवरची बासरी

शेजारणीने कुळथाच्या पिठीला लसणीची फोडणी दिली, की माझं डोकं फिरतं. आमचा मुलगा आधी टीव्हीत मोठा साहेब होता, मग मोबाईलवरच्या व्हिडिओंच्या कंपनीत त्याहून मोठा झाला. एकदा तो मुंबईहून माणसं घेऊन घरी आला, आईची पिठी जगाला दाखवायला. पडवीभर वायरी पसरल्या, चुलीवर दिवा रोखला, धुराने कॅमेरावाला खोकून बेजार. मुलगा म्हणाला, "आई, कॅमेऱ्याकडे बघू नको." ती म्हणाली, "मग त्याला सांग, माझ्याकडे नको बघू." पिठी ढवळताना तिचं तोंड चालूच होतं. गुठळ्या कशाने होतात, कोकम कधी टाकायचं, आणि मधेच मान वळवून मला, "अवो, शेणी आणा, चूल इझली." व्हिडिओ आला तर तिचा आवाजच नाही, वरून बासरी. ती हसली, "बरं झालं, कटकट गेली." ती वारल्यावर मी मुलाला फोन केला, म्हटलं, ती बासरी काढ आणि तिचा आवाज दे. तो म्हणाला, "बाबा, लोक आवाज बंद करूनच बघतात. तो आवाज आम्ही ठेवलाच नाही." मग बासरी कोणासाठी वाजवलीस, असं विचारलं, तर साहेबांना मीटिंगला जायचं होतं. आता मीसुद्धा आवाज बंद करूनच बघतो. ती मान वळवते, ओठ हलतात, आणि मी म्हणतो, "आणतो."