दुसऱ्या मजल्यावरची ओहोटी

"भरती आसा गे आये. बस. आता खंय जातलंस?"

स्टोअरच्या जाळीआड उभा राहून, फोनवर हात आडवा धरून तो हे आईला दिवसातून अनेकदा सांगायचा. इंदूरच्या सांवेर रोडवरचा आमचा कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. समुद्र तिथून रात्रभराच्या प्रवासापेक्षाही लांब. त्यामुळे भरतीची बातमी देणारा हा माणूस पोरांना गंमतच वाटायचा. त्यांनी त्याचं नाव 'समुंदर भिया' पाडलं; भैयाला इथे भिया म्हणतात. मीही त्यांच्याबरोबर हसलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मला बरंच सांगायचं आहे आणि त्यात मी फारसा चांगला दिसत नाही.

तो मालवणकडचा, इंदूरला नोकरीसाठी आलेला. लग्न राहूनच गेलेलं. अन्नपूर्णा भागात आमच्याच इमारतीत, माझ्या बरोबर डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायचा. गावचं घर भावकीत गेलं तेव्हा तो आईला इकडे घेऊन आला. आईचं सगळं आयुष्य खाडीत तिसऱ्या वेचण्यात गेलं होतं. पाणी ओसरलं की बायांबरोबर चिखलात उतरायचं, शिंपल्या काढायच्या, पाणी चढायच्या आत परत. ओहोटीला ती 'सुकती' म्हणायची.

आता तिला मुलाचं नाव आठवत नव्हतं. पण सुकती आठवत होती. वेळ झाली की टोपली काखेत मारून ती घराबाहेर पडायची. एकदा रिक्षावाल्याने आणून सोडली. एकदा संध्याकाळपर्यंत पत्ता नव्हता, तेव्हा कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, नदीकाठच्या जुन्या समाध्यांपाशी सापडली. नदीच्या त्या काळ्या पाण्याकडे बघत पायरीवर बसली होती, पाणी उतरायची वाट बघत. तिला हाताला धरून आणताना तो रस्ताभर एकच बोलत होता, "आज मिळाली. आज मिळाली."

दिवसा सांभाळायला ठेवलेल्या दोन बाया सोडून गेल्या. मी म्हणालो, कुलूप लाव. तो म्हणाला, "लावून बघितलं. दारावर कपाळ फोडून घेतलं तिने." मग म्हणाला, "भरती आहे म्हटलं तर बसते. पण नुसतं सांगून पटत नाही. तिला पाणी दिसायला हवं."

तर भरती दिसावी म्हणून त्याने घरात समुद्र आणायचं ठरवलं.

काचवाल्याकडून साध्या काचेची लांबट पेटी करून घेतली. एक हवेचा पंप, पांढरा दिवा. पाणी भरून आईला समोर आणून बसवलं. तिने बोट बुडवलं, चाखलं आणि थुंकली. "ह्या नळाचा पाणी." मग त्याने स्वयंपाकाचं मीठ घातलं. गावच्या मावसभावाने दुधाच्या किटलीत पाठवलेलं शेवाळ त्या पाण्यात दोन-चार दिवसांत पांढरं पडून विरघळलं. शेवटी समुद्राच्या पाण्याचं वेगळं मीठ येतं ते त्याने मागवलं, दुसऱ्या खेपेला खाडीची वाळू आणली, आणि त्या वाळूत रुजवलेलं समुद्रगवत. हिरव्या फितींसारखं, पंपाच्या पाण्याने एकाच बाजूला झुकणारं. त्याच्या आजूबाजूला शेवाळाचे झुपके. वाळूत रिकाम्या शिंपल्या पुरून ठेवल्या.

कारखान्यातली पोरं बघायला आली. "भिया, मछली किधर है? ये तो बिना सेव के पोहे हो गए!"

"मासे सुकतीला बाहेर गेलेत," तो म्हणाला. "आएंगे." त्याचं हे एवढं एकच थट्टेचं वाक्य मला आठवतं, म्हणून लिहून ठेवतो.

मासे परवडणारेही नव्हते आणि आईला ते नकोच होते. तिने या खेपेला पाणी चाखलं आणि थुंकली नाही. पदर सावरून पेटीसमोर बसली.

पण समुद्र नुसता भरून ठेवून चालत नाही, हे तिला आपल्या सगळ्यांपेक्षा पक्कं ठाऊक होतं. रोज सकाळी विचारायची, "आज तिथ खंयची?" तो कॅलेंडर बघून सांगायचा. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमी असेल तर सहाला भरती, मग दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी. स्वतःचा मुलगा न ओळखणारी बाई हा हिशेब क्षणात करायची. मग सुकतीला पाणी उतरलंच पाहिजे.

म्हणून तो नळीने पाणी बादल्यांत उतरवायचा. गवत वाळूवर आडवं पडायचं. आई हात घालून चाचपायची, दोन शिंपल्या टोपलीत टाकायची आणि शांत व्हायची. मग तो पाणी परत चढवायचा. "भरती आसा," म्हणायचा. भरती असली की ती दाराकडे बघतही नसे. मग बाहेरून कुलूप लावून तो कामावर यायचा. एक किल्ली माझ्याकडे असायची. दिवसा ओहोटी असली की जेवणाच्या सुट्टीत स्कूटर काढून अन्नपूर्णेपर्यंत जाऊन यायचा, डबा न उघडता. पोरं म्हणायची, भिया का कोई चक्कर है.

पाणी उडून कमी व्हायचं, तेव्हा बादलीत उघडं ठेवलेलं नळाचं, नर्मदेचं साधं पाणी वरून घालायचा. मी विचारलं, मीठ नाही घालत? "पाणी उडतं. मीठ कुठे जात नाही," तो म्हणाला. "आणखी घातलं तर सगळं मरेल."

असे काही महिने गेले. त्याचे डोळे खोल गेले. स्टोअरमध्ये उभ्या उभ्या झोप लागायची. मग कारखान्यात मोठ्या गिऱ्हाइकाची तपासणी आली. मॅनेजरने सगळ्यांसमोर त्याला सांगितलं, दुपारी गेट के बाहर दिखे तो वापस मत आना।

त्या संध्याकाळी जिन्यात त्याने मला थांबवलं. "पाणी उतरवतच नाही काही दिवस. भरतीच ठेवतो. ती बसून राहील." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "पाप आहे का हो?"

मी म्हणालो, "अरे, पाप कसलं? औषध समज." मला जेवायला उशीर होत होता.

पहिले दोन दिवस ती खरंच बसून राहिली. मग संध्याकाळी मी घरी आलो की, तो तपासणीसाठी कारखान्यात थांबलेला असताना, वरून पावलांचा आवाज यायला लागला. खिडकीपासून पेटीपर्यंत, पेटीपासून खिडकीपर्यंत. आवाज वाढला की मी टीव्ही वाढवायचो. किल्ली माझ्या खुंटीवर होती.

तो सांगायचा, आई जेवत नाही. भाकरी फडक्यात बांधून ठेवते. "दर्याक काय झाला?" विचारते. तिच्या हिशेबाने तिथी सरत होत्या आणि पाणी काही ओसरत नव्हतं. खाडी ओलांडून गेलेल्या बाया पलीकडे अडकल्या असणार. ती भाकरी त्यांच्यासाठी. "ती त्यांच्यासाठी उपाशी राहतेय," तो म्हणाला. "आणि मी तपासणी संपायची वाट बघतोय."

तपासणीच्या शेवटच्या दिवशी मला ताप होता, घरीच होतो. दुपारी पलंगावर पडलो असताना कपाळावर थेंब पडला. मग आणखी एक. छतावर ओलीचा मोठा डाग पसरत होता. एक थेंब ओठावर आला. खारट.

मी किल्ली घेऊन वर धावलो.

पेटी जवळजवळ रिकामी होती. तिने तांब्याने सगळं पाणी जमिनीवर उपसलं होतं. हिरवं गवत वाळूवर आडवं झालं होतं. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, ओल्या फरशीवर घट्ट पाय रोवून ती उभी होती. हात कोपरापर्यंत वाळूत. बोटाला काच लागून रक्त येत होतं. चेहरा उजळलेला.

"इलंस?" ती मला म्हणाली. "सुकती लागली. बायांका हाक मार."

मी पंपाचं बटण बंद केलं.

"मार मरे हाक! पाणी चढात परत!"

मी खिडकीशी गेलो. खाली भाजीचा ठेला, शाळेतून परतणारी मुलं. अंगात ताप. आणि मी ओरडलो, "या गो! सुकती लागली! या परत!" दोनदा, तीनदा. खालचे लोक वर बघायला लागले. ती मागे माझ्या खांद्याला धरून उभी होती. "येतत," ती म्हणाली. "दिसली." मग फडकं सोडून तिने भाकऱ्या बाहेर काढल्या. वाळून कडक झालेल्या. त्यातली एक मला दिली, एक स्वतः घेतली. त्या दिवसांत पहिल्यांदा ती जेवली.

मी फोन केला तसा तो आला. दारात उभा राहून सगळं बघितलं. मग बूट काढले, पँट दुमडली आणि पाण्यात येऊन तिच्याशेजारी बसला. तिने वाळूतली एक रिकामी शिंपली त्याच्या तळहातावर ठेवली. "घराक ने," म्हणाली, परक्या मुलाला सांगावं तशी.

त्याने मूठ मिटली. "आये," म्हणाला, "आपण घराक जावया."

घर कुठे होतं? मी समजावलं. नोकरी सोडून काय खाशील, तिथे तुझं कोण आहे, ती उद्या खाडीत गेली तर? तो म्हणाला, "जाईलच. मी मागे जाईन. इथे मीच तिचं पाणी अडवून ठेवलं होतं." पंधरवड्यात दोघं निघून गेले. गवत तोवर तपकिरी होऊन गेलं होतं.

सुरुवातीला फोन लागायचा. एक भाड्याची खोली आहे, काम नाही, म्हणाला. "ती चिखलात फार पुढे जाते. हाक मारली तर मागे बघत नाही. पाणी चढायला लागलं की माझं काळीज तोंडात येतं. वाट तिला माहीत आहे, मला नाही." मी काहीतरी धीराचं बोललो. माझ्या धीराच्या बोलण्याची किंमत तुम्हाला आता कळलीच आहे.

हल्ली फोन वाजतो, कोणी उचलत नाही.

माझ्या छतावरचा डाग दोनदा रंगवला. पावसाळी हवा आली की तो परत ओला होतो, रंगाला पापुद्रे सुटतात, पांढरं पीठ पलंगावर पडतं. रंगारी म्हणाला, "अंकल, नमक बैठ गया है छत में, नहीं जाएगा।" मी म्हटलं, राहू दे.

आता फोन करण्याआधी मी कॅलेंडर बघतो. आज अष्टमी. दुपारचे बारा वाजत आलेत. म्हणजे पाणी पार उतरलं असेल, आणि ती पुढे, तो मागे.

आत्ता नको. भरती लागली की करीन, आणि तो उचलेपर्यंत वाजू देईन.