चार बोटांचं पाऊल

देवीला पायाचं बोट लावावं की नाही, हे मी विचारणार तरी कुणाला? बोईसरला नवे नवे कारखाने उभे राहत होते तेव्हाची ही गोष्ट. तिथे पत्रा कापायच्या यंत्रात माझ्या उजव्या हाताचा अंगठा गेला. मुंबईच्या डॉक्टरांनी डाव्या पायाचं दुसरं बोट, लग्नापासून ज्यात जोडवं होतं तेच, काढून अंगठ्याच्या जागी बसवलं. ते जगावं म्हणून मी केळव्याच्या देवीला बोलले होते, की आमच्या पालघरकडच्या माहीमहून अनवाणी येईन आणि याच हातानं तुझी ओटी भरीन.

बोट जगलं, पण मुकं. सुई टोचली तरी कळायचं नाही. जाणीव येईल, पण कधी ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पाय मात्र नको तेवढा बोलका झाला. बोटाच्या जागी खाच पडली, गारठ्यात ती ठणकायची, पायाचा अंगठा तिच्याकडे कलू लागला. उकिडवी बसले की तोल जायचा आणि स्लिपर तर माझ्याआधी पुढे पळायची. सासूबाई प्रेमळ, जोडवं त्यांनीच शेजारच्या बोटात सरकवून दिलं. पण ओटीचं काढलं तेव्हा म्हणाल्या, "पायाचं बोट हाय ते, देवीला कसं लावशील? ओटी मी भरते." मला त्यांचा राग आला नाही, कारण माझ्याही मनात तेच होतं. आपला पाय चुकून पुस्तकाला लागला तरी आपण नमस्कार करतो. मग हा नवस फेडायचा कसा? आणि न फेडून राहायचं कसं?

शेवटी एका सकाळी ओटीचं सामान घेऊन एकटीच निघाले. वाड्यांमधला रस्ता कसाबसा सरला, पण केळव्याच्या किनाऱ्याला लागले आणि कोरड्या वाळूत पाय रुतू लागला. खाचेतली कळ मस्तकात जायची. सुरूच्या झाडाखाली बसून मी चक्क रडले. तेवढ्यात डोक्यावर टोपली घेतलेली एक कोळीण समोर थांबली.

"कोरड्यात कशाला चालतेस गो? वल्या वाळूवर ये, ती पायाला धरते."

तिनं हात देऊन उठवलं. ओली वाळू खरंच घट्ट होती. मागे माझी पावलं उमटत होती, डावी चार बोटांची. ती पाहून तिनं विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं, मनातली शंकासुद्धा. ती मोठ्यानं हसली.

"आपून देवीच्या पायावरच डोकं ठेवतो ना? मंग पाय वायट कसा?"

देवळाच्या वाटेला मला लावून ती मासळी विकायला निघून गेली. मी आत गेले, त्याच हातानं ओटी भरली आणि गाभाऱ्याच्या नुकत्याच धुतलेल्या उंबरठ्याला ते बसवलेलं बोट टेकवलं. गार लागलं. हाताला नाही, पायाला. त्या खाचेत, जिथे बोटच नव्हतं तिथे! उंबरठ्याला पाय लागला की काय म्हणून मी दचकून खाली पाहिलं. पाय मागे कोरड्या फरशीवर होता. अंगावर सरसरून काटा आला. मुकं बोट त्या दारात जागं झालं होतं.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, असं होतं, शीर काही दिवस जुन्याच घरचा पत्ता सांगते. असेल. ती कोळीण पुढे पालघरच्या बाजारात भेटली. मी हात धरला, तर तिला काहीच आठवेना. "बोंबील ताजे हायेत, घेनार का?" म्हणाली. मी बोंबील घेतले.

घरी संध्याकाळचा दिवा आता मीच लावते, सासूबाई शेजारी हात जोडून बसतात. थंडीत खाच अजून ठणकते. ठणकली की तो उंबरठा आठवतो आणि डोळे भरून येतात. मी देवीला नुसता हात द्यायला निघाले होते, तोही भीत भीत. तिनं मला पायासकट घेतलं.