दगडीबाईचं बोट

रावेरकडच्या बागांत दगडीबाईने तीस वर्षं केळीचे घड वाहिले. चिकाचे काळे डाग बोटांवरून कधी गेलेच नाहीत. मागच्या निवडणुकीत केंद्रावरच्या साहेबाने तिचं डावं बोट पाहिलं आणि "अक्का, तुम्ही मत देऊन आलात," म्हणत तिला तासभर बाजूला बसवलं. म्हणून या खेपेला ती दोन दिवस बागेत गेलीच नाही. तेल, लिंबू, राख लावून तिने बोट सालटं निघेपर्यंत घासलं.

नव्या साहेबाने ते लालबुंद बोट उजेडात धरलं आणि विचारलं, "शाई पुसून पुन्हा आलात ना?"

दगडीबाईला आता भांडायचाही कंटाळा आला होता.

"साहेब, माह्यं राहू द्या," ती म्हणाली. "तुमाले चालीन असं एखादं बोट तुमीच द्या."