गिनतीत घेतलेलं नाव

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि आंजीला घरी परतलो. घरच्या वांग्या-टोमॅटोत मन रमेना. पहाटे उठायची सवय सुटत नव्हती आणि हाताखाली कोणी जवान नव्हते, त्यामुळे अंगणातल्या मेथीच्या जुड्या मी रांगेत, अंतर राखून लावायला लागलो. शेवटी बायकोच म्हणाली, "तुमी जंगलात जाऊन बसा बरं. इथं काऊन जीव खाऊन राह्यले?" आता हिवाळाभर माझी पोस्टिंग बोर अभयारण्याच्या कडेला, एका मित्राच्या पडीक शेतात आहे. तिथे मी तंबू ठोकतो आणि वर्धा-हिंगणघाटकडच्या कुटुंबांना दोन रात्री ठेवून जंगल दाखवतो.

कॅम्पचे नियम थोडेच आहेत. दारू नाही. मोबाइलवर गाणी नाहीत. गाइडच्या पुढे कोणी जायचं नाही. आणि गिनती. निघताना, वाटेत थांबलो की, परत आल्यावर. फौजेत बडी असतो, म्हणजे जोडीदार. एकाची नजर दुसऱ्यावर. तीच पद्धत मी इथे लावली, फक्त जरा बदलून. स्वतःची हजेरी स्वतः द्यायची नाही. आपल्या बडीकडे बघायचं, त्याचं नाव घ्यायचं आणि मोठ्याने "हाजिर" म्हणायचं. हरवलेला माणूस 'मी हरवलो' असं सांगायला येत नसतो. ते त्याच्या बडीनेच सांगायचं असतं.

गेल्या हिवाळ्यात एका कॅम्पला, इतर कुटुंबांबरोबर, अल्लीपूरहून मनोहरराव आणि निर्मलाकाकू आले. गावात कापडाचं दुकान, ते आता मुलगा बघतो. त्यानेच आईवडिलांना पाठवलं होतं. जीपमधून आधी गादी उतरली, मग दोन रजया, चिवड्याचा डबा, लोणच्याची बरणी, आणि सगळ्यात शेवटी मनोहरराव.

"काकू, वाघ बघायला आलात की लग्नाला?" मी विचारलं.

"वाघ दिसन का नाई ते आपल्या हाती नाई साहेब. भूक तं लागनच न."

ही बाई आपल्या कंपनीत शोभली असती, असं मला वाटलं.

पहिल्या फॉल-इनला सगळे रांगेत उभे राहिले, काकूंपर्यंत गिनती आली आणि अडकली.

"काकू, बडीचं नाव?"

"तेवढं सोडा साहेब. यायचं नाव म्या कधी घेतलं नाई."

"उखाण्यात तरी घेतलं असेल."

"तवा लोकायनं उंबरठ्यावर अडवलं होतं. आत जाऊ देत नव्हते." मग तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "आमचे हे हाजिर."

सगळे खो-खो हसले. मनोहरराव कानापर्यंत लाल झाले. मी ताणलं नाही. माणूस समोर उभा होता, हजेरी लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गजानन, आमचा गाइड, आम्हाला नाल्यावर घेऊन गेला. ओल्या वाळूत वाघाचे पग, म्हणजे पंजांचे ठसे होते, सकाळचेच. सगळ्यांनी वाकून वाकून फोटो काढले. सावलीला बसून भाकरी खाल्ली आणि परतीची वाट धरली. पुढे गजानन, सर्वांत मागे चालायचा मी. पण वाटेत एका ताईंची चप्पल तुटली, ती सुतळीने बांधून देण्यात मी खाली बसलो होतो. चढ संपला तिथे थांबून गिनती घेतली. काकूंची पाळी आली आणि त्या गप्प.

"काकू, 'आमचे हे' म्हटलं तरी चालेल," मी म्हणालो. दोघं-तिघं हसले.

"हे नाई हायेत, साहेब."

हसणं तिथेच थांबलं.

काकूंनी आठवून सांगितलं. चालता चालता त्या सहज म्हणाल्या होत्या, स्टीलचा डबा नाल्यावरच राह्यला वाटते. मी चपलेशी खाली बसलो होतो, तेव्हाच मनोहरराव तो आणायला मागे गेले असणार. सगळ्यांना थांबवायचं कशाला, या संकोचाने कोणाला न सांगता गेले असणार. बाजारात पाच पावलं मागे जाऊन यावं, तसे. त्यांना शुगर होती. गोळ्या आणि साखरेची पुडी काकूंच्या पिशवीत होती. ऊन तिरपं झालं होतं. वाळूतल्या पगांची आठवण सगळ्यांनाच झाली.

मी वायरलेस सेटवर कॅम्पला बोललो. "बेस, बेस. एक माणूस कमी. जीप चढावर आण, सगळ्यांना घेऊन जा. ओव्हर."

"रॉजर साहेब. निंगतो."

"काकू, तुम्ही जीपमध्ये बसा."

"नाई. माहा बडी हाय न तो. तुमीच सांगतलं."

मी, गजानन आणि काकू नाल्यावर परत आलो. डबा जागेवर नव्हता. म्हणजे माणूस इथवर आला, डबा घेतला आणि परतताना वाट चुकला. पुढे सगळा खडक, पाऊल उमटायला जागा नाही. जंगलात ओरडायला बंदी आहे, पण अशा वेळी गजाननने ती बाजूला ठेवली. "काका! ओ काका!" तो एकीकडे, मी दुसरीकडे. उत्तर नाही.

मला देवदारांचं दुसरं जंगल आठवलं. काश्मीरमध्ये, पहाट उजाडताना, आमच्या गस्तीच्या पार्टीवर समोरून फायर आलं. माझा बडी नायक केशव, बीडचा, माझ्या डाव्या हाताला होता. तो गोळी लागून घसरत खाली नाल्यात गेला. मी सेट दाबून खाली जाऊ का, विचारलं. उत्तर आलं, "जहाँ हो वहीं रहो. कोई आवाज नहीं." हुकूम बरोबर होता. मी तोंड उघडलं असतं तर आणखी चार जण गेले असते. केशव माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होता आणि मी हाक मारली नाही. ऊन वर आल्यावर आम्ही खाली उतरलो, तोवर तो गेला होता. त्याने स्वतःची पट्टी स्वतः बांधली होती. गाठ नीट होती, म्हणजे बराच वेळ शुद्धीवर होता. सुभेदार साहेब म्हणाले, तू हाक मारून काही बदललं नसतं. मला ते पटतं. पण त्या वेळात त्याला आपलं नाव ऐकू यायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

"काकू," मी म्हणालो, "नाव घ्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. "मनोहर," अगदी पुटपुटल्यासारखं.

"मोठ्याने घ्या, काकू. एवढ्याने कोणाला ऐकू जातं?"

त्यांनी पदर खोचला, दोन्ही हात तोंडाशी नेले.

"मनोहर! ओ मनोहर!"

राव नाही, जी नाही. पलीकडच्या झाडावरचे वानर उड्या मारत पळाले. त्यांनी पुन्हा हाक मारली, पुन्हा मारली, आवाज फाटला तरी मारत राहिल्या. मग खालच्या अंगाने आवाज आला. टण. टण. दगडाने स्टील वाजवल्याचा.

मनोहरराव पळसाखाली बसले होते. पाय मुरगळलेला, अंगाला घाम, हाताला कंप. काकूंनी आधी तोंडात साखर कोंबली, मग रडल्या, मग डब्याला पोचा आला म्हणून चिडल्या.

"काका काका आयकू येत होतं," थोडं सावरल्यावर ते म्हणाले. "मले वाटलं दुसऱ्या कोनाले बलावून राह्यले. इथं सगळेच काका. मंग हिनं माहं नाव घेतलं. म्हटलं, आता काई खरं नाई."

"बेस, माणूस मिळाला. ठीक आहे. ओव्हर."

"रॉजर साहेब. चहा मांडू का?"

मांड म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबू उतरवले आणि शेवटची गिनती घेतली. काकूंची पाळी आली. "मनोहर हाजिर," त्या खणखणीत म्हणाल्या. मनोहरराव पुन्हा लाल झाले, पण या वेळी मान खाली घातली नाही. मी "लाइन तोड" म्हणून सगळ्यांना मोकळं करणार, तेवढ्यात काकू बोलल्या.

"साहेब, सगळ्यायची झाली. तुमचा बडी कोन?"

इतक्या कॅम्पांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. थोडक्यात. नाव, गाव, कसा गेला.

"मंग त्याचं नाव घ्या न."

"नायक केशव," मी म्हणालो.

"मोठ्यानं घ्या साहेब. एवढ्यानं कोनाले आयकू जाते?"

मी जंगलाकडे तोंड करून सावधान उभा राहिलो आणि त्याला हाक मारली. एकदा नाही, तीनदा. मग त्याचा बडी म्हणून मीच म्हणालो, "हाजिर."