दत्तू पैलवानाचं लग्न कसं जमलं

पिंपळवंडीच्या आमच्या तालमीतली जुनी पोरं चहाला जमली की गप्पा कुठूनही सुरू होवोत, येऊन थांबतात दत्तू पैलवानापाशी. एकानं एक किस्सा सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात. चहा गार होतो, टपरीवाला वैतागतो. नव्वदनंतरची सात-आठ वर्षं जुन्नर-आंबेगावातल्या एकाही जत्रेत दत्तूची पाठ कुणी मातीला लावली नाही. मी त्याचा सरावाचा जोडीदार. म्हणजे रोज त्याच्याकडून आपटून घ्यायचं काम माझ्याकडं होतं.

*

एवढा गडी, पण सुईला भ्यायचा. येडगावला एकदा त्याच्या पायात खिळा घुसला. दवाखान्यात नर्सबाईंनी इंजेक्शन भरलं आणि आम्हाला म्हणाल्या, "धरा रे याला."

आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो. शेवटी मीच म्हणालो, "बाई, ह्याला धरणारा गावला असता तर आमी त्यालाच जत्रेत लढवला असता."

*

ताकद होती, नाव होतं, पण लग्न काही जमेना. खुराकाचा विषय निघाला की मुलीचा बाप पाहुणचार आवरता घ्यायचा. डिंगोऱ्याच्या एका पाहुण्यानं तर तोंडावर सांगितलं, "पोरगी देतो राव, पण तिच्यासंगं दुभती म्हैस मागू नका."

दत्तू हसला, पण पुढ्यातला चहा तसाच ठेवून उठला. तिशी जवळ आली होती. आम्हालाही लई वाईट वाटायचं.

*

मग घोडेगावच्या बाजूचं स्थळ आलं. मुलगी सुमन. दत्तू बसायला गेला आणि प्लॅस्टिकची खुर्ची चारी पाय फाकवून खाली गेली. मुलीचे वडील म्हणाले, "असू द्या पैलवान, खुर्चीच चितपट झाली."

सुमन पोह्यांची बशी घेऊन आली. दत्तूकडं एकदा बघितलं, बशी माझ्या हातात दिली आणि आतून पातेलंच आणून त्याच्यापुढं ठेवलं.

परतीच्या एसटीत दत्तू म्हणाला, "करीन तर हिच्याशीच. न्हाई तर तालमीतच म्हातारा व्हईन."

*

सुपारी फुटायच्या आत त्यांच्या गावची जत्रा आली. शेवटच्या कुस्तीला गावानं दत्तूसमोर उभा केला सदा, म्हणजे सुमनचा धाकटा भाऊ. गावाचा लाडका पैलवान. कुस्ती लागायच्या आधी मुलीच्या वडिलांनी दत्तूला आणि मला देवळामागं घेतलं.

"पोरगी द्यायला माझी ना न्हाई. पण गावाम्होरं माझ्या पोराला पाडू नका. तुमीच पडा. उद्या सुपारी फोडू."

दत्तूचा चेहरा उतरला. मी म्हणालो, "टेकव पाठ गड्या. नाव काय जेवायला वाढतंय?"

हलगी घुमली. दत्तूनं जराशी झटापट केली आणि अंग सैल सोडलं. पण सदा डावच टाकीना. नुसता गळ्यात पडून ढकलत राहिला. लोक ओरडायला लागले. मी आखाड्याच्या कडेलाच बसलो होतो, म्हणून मला दोघांचं ऐकू आलं.

"आरं, पाड की मला," दत्तू दातओठ खात म्हणाला.

सदा रडकुंडीला आला होता. "तुमीच पाडा दाजी. ताईनं देवळामागलं समदं ऐकलंय. तुमी मुद्दाम पडलात तर ती लग्नाला उभी ऱ्हाणार न्हाई, आन मला घरात घेणार न्हाई."

दत्तूनं त्याला अलगद उचलला आणि अलगदच उताणा टाकला.