बुव्हाशाँची वरची ताल

फ्रान्समधल्या रोन नदीच्या उजव्या काठाला डोंगर एकदम उभा चढतो. त्याच्या अंगावर दगडावर दगड रचून बुव्हाशाँ घराण्यानं ताली, म्हणजे माती अडवणारे दगडी बांध, घातल्या आणि त्यांवर द्राक्षवेली लावल्या. माती कसली, अभ्रकानं चकाकणारा मुरूमच तो. वेलीला पाण्यासाठी खडकाच्या फटीत खोल मुळं घालावी लागतात. पण पाऊस झाला की उत्तरेचा वारा सुटतो आणि ओली पानं बघता बघता सुकतात, त्यांना बुरशी धरत नाही. ओदेत याच मळ्यातली एकुलती एक लेक.

ती ऐन विशीत असताना गावानं डोंगर सोडायला सुरुवात केली. खाली सपाटीला जर्दाळूच्या बागा झाल्या. त्यातच एका वसंतात ढगफुटी झाली, बुव्हाशाँची सगळ्यात वरची ताल कोसळली आणि निम्मी माती रस्त्यावर आली.

शेजारचा ग्रातियाँ बायकोला आणि गावातल्या चौघांना घेऊन बघायला आला. म्हणाला, "सोड गं तो डोंगर! जर्दाळू लाव, ट्रॅक्टरवर बसून शेती कर. का डोंगराशीच लग्न लावणारेस?"

"लावीन की काका," ओदेत म्हणाली. "निदान तो पिऊन तर्र होऊन घरी येणार नाही."

सगळ्यात मोठ्यानं हसली ती ग्रातियाँची बायको.

ओदेत पाठीला टोपली बांधून माती वर नेऊ लागली आणि दगड रचून पडलेली ताल पुन्हा बांधू लागली. तिचे वडील आन्सेल्म गुडघ्यांनी अधू झालेले. ते खुर्ची टाकून बसायचे आणि ओरडायचे, "दगडाची लांब बाजू आत घाल, पोरी! बाहेर दाखवायला आखूडच पुरे. माणसं नेमकं उलटं करतात."

एकदा दगडाखाली तिचं बोट चेचलं. ते पुढं कायमचं वाकडं राहिलं. पण पुढच्या वळवाला ताल जागची हलली नाही.

मग तिनं दुसरा हट्ट धरला. तोवर त्यांची द्राक्षं व्यापाऱ्याकडं जायची आणि चार गावच्या मालात मिसळायची. "वरच्या तालीची वाइन वेगळी करू. बाटलीवर आपलं नाव घालू."

"आपलं नाव? लोक हसतील," आन्सेल्म म्हणाले.

"हसू देत. प्यायले की हसायचे थांबतील."

पहिल्या पिंपातला घोट आन्सेल्मनी बराच वेळ तोंडात घोळवला. वाइनला मिऱ्याचा झटका होता आणि मागून व्हायोलेट फुलांचा वास येत होता. "माझ्या आजोबांच्या हातची अशी लागायची," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, ती चव त्यांच्याबरोबरच गेली."

त्या वाइनला आधी खोऱ्यातल्या खाणावळींतून मागणी आली, मग थेट लियों शहरातून.

बऱ्याच वर्षांनी म्हातारा ग्रातियाँ टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. "आमचा पोरगा डोंगर पुन्हा लावायचा म्हणतोय. तुझ्या जुन्या वेलींच्या काड्या देशील कलमाला?"

"आणि जर्दाळू?"

"त्याचा मुरंबा आणलाय तुला."

ओदेत खळखळून हसली. "काड्या देते, काका. पण पोराला आधी माझ्याकडं धाडा. आधी दगड रचायला शिकेल, मग वेल लावेल."

आज समोरच्या काठावरून बघितलं तर डोंगर पार माथ्यापर्यंत हिरवा दिसतो. त्यातल्या कितीतरी वेली ओदेतच्या काड्यांच्या. तोडणी संपून नवी वाइन उतरली की सगळा गाव तिच्या अंगणात जेवतो आणि पहिला पेला तिच्यापुढं येतो. ती भाषण करत नाही. घोट घेते, डोंगराकडं बघते आणि म्हणते, "जमलीय हो यंदा."